ऊसतोड टोळ्यांसोबत राहणारा कॅथलिक सिस्टरांचा (नन्सचा) नवा वैद्यकीय संघ काढता येईल का?

गेवराईची_डॉक्टर:
जय येशू. मी एमबीबीएस आहे, सोबत जीएनएम (नर्सिंग) झालेल्या दोघी मैत्रिणी. तिघी कॅथलिक. लग्न न करता व्रतस्थ राहायचं आमचं ठरलंय, घरीही बोलून झालंय.

दसरा झाला की आमच्याकडची गावं निम्मी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सांगली-कोल्हापूरकडं, पार कर्नाटकात जातात. जोडपं म्हणजे एक कोयता; बाई पोटुशी असली तरी तिचा अर्धा कोयता मोजलेला असतो. तिची नोंद इथल्या उपकेंद्रात, गोळ्या इथं, आणि ती तिकडं उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला. पिशवी काढायची वेळ येईपर्यंत त्या बाईला एकदाही कुणी नीट तपासलेलं नसतं, हे मी रोज ओपीडीत बघते.

आम्हाला हंगामभर टोळीसोबतच राहायचंय. आम्ही विचारलं त्या संघांची कामं एका जागी बांधलेली आहेत, दवाखाना सोडून पाच-सहा महिने फिरणं त्यांना जमत नाही. मग नवा संघ काढायचा तर सुरुवात कुठून करायची? बिशपांकडे जाताना काय घेऊन जायचं?

जालना_पॅरिश:
ताई, बिशपांनी सही केली आणि संघ झाला, असं नसतं. बीड आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतातच येतं. आधी बिशपांच्या मान्यतेनं श्रद्धावंतांची साधी संघटना. काही वर्षं एकत्र राहणं, प्रार्थना, नियमावली, नव्या मुली येतात का, टिकतात का, हे पाहतात. त्यानंतर धर्मप्रांतीय संघ. पूर्वी त्यासाठी बिशपांनी रोमचा सल्ला घ्यायचा असे. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये कायदा बदलला, आता रोमची लेखी परवानगी लागते. सरकारी बाजू वेगळी: धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट, खाटा ठेवल्या तर शुश्रूषागृहाची नोंदणी. माझं मत विचाराल तर आहे त्या संघात जा. मेडिकल मिशन सिस्टर्स हा वैद्यकीय सेवा करणाऱ्या सिस्टरांचा संघ भारतात आहेच.

निवृत्त_नर्स_वैजापूर:
पोरी, दादांनी पायऱ्या बरोबर सांगितल्या. पण ‘आहे त्या संघात जा’ हे मला इतक्या लवकर पटत नाही. मी मिशनच्या दवाखान्यात सिस्टरांच्या हाताखाली शिकले. स्टोव्हवर सिरिंजा उकळत ठेवायच्या, आणि लोकांनी घरून आणलेल्या बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी खळीनं चिकटवायची, हे माझं पहिलं काम. रात्री अडलेली बाई बैलगाडीतून आली की सिस्टर कंदील घेऊन बाहेर येत. सिस्टरनं बाळंतपण करायचं यात आम्हाला काही वेगळं वाटत नसे. एकेकाळी त्याला चर्चचीच मनाई होती, हे मला फार पुढं कळलं.

ॲग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटलंडच्या डॉक्टरीण. साठी उलटल्यावर कॅथलिक झाल्या, आणि सत्तरी ओलांडल्यावर रावळपिंडीत बायकांसाठी दवाखाना उभा केला. तिथल्या पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत, बाळंतीण घरातच दगावायची. सिस्टर तिथं होत्या, पण व्रतस्थ बाईला डॉक्टरकी आणि बाळंतपणं करायची मुभा नव्हती. मॅक्लॅरेनबाईंनी त्यासाठी रोमला खेपा घातल्या. १९१३ ला त्या वारल्या तरी परवानगी आलेली नव्हती. त्यांच्याच पत्रांमुळं ऑस्ट्रियाच्या तिरोलमधली ॲना डेंगल आयर्लंडला कॉर्कमध्ये शिकून १९१९ ला डॉक्टर झाली. दोघींची भेट कधी झालीच नाही. डेंगल १९२० ला रावळपिंडीला आली, आणि एकटीच्या हातून हे निभणार नाही हे तिला तिथं दिसलं. ३० सप्टेंबर १९२५ ला वॉशिंग्टनमध्ये तिनं मेडिकल मिशन सिस्टर्स सुरू केल्या. फादर मायकल मॅथिस पाठीशी होते, सोबत आणखी एक डॉक्टर आणि दोन नर्सेस. बघ, तुमच्याहून एकच जास्त!

जाहीर व्रतं घेतली असती तर काम बंद पडलं असतं. म्हणून त्यांनी ती घेतलीच नाहीत. साधी धार्मिक संघटना म्हणून दहा वर्षांवर राहिल्या आणि बाळंतपणं करत राहिल्या. ११ फेब्रुवारी १९३६ ला रोमनं व्रतस्थ बायकांना हे काम करायची मोकळीक दिली. पाटण्याचं कुर्जी होली फॅमिली हॉस्पिटल याच सिस्टरांनी उभं केलेलं.

दुसरी वाटही होती. मेरी ग्लाउरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० ला गुंटूरला आली, तिथल्या चालू संघातच शिरली आणि पोपसाहेबांची खास परवानगी मिळवून डॉक्टरकी करत राहिली. कॅथलिक दवाखान्यांची अखिल भारतीय संघटना तिनंच १९४३ ला सुरू केली.

तेव्हा आधी हे शोध की तुमचं काम नेमकं कशामुळं अडतंय. डॉक्टरकीमुळं तर नाही, ते १९३६ लाच सुटलं. तुमचं अडतंय राहण्यावर. व्रतस्थांनी संघाच्या घरात एकत्र राहायचं, असं चर्चचा कायदा सांगतो. कोपीजवळच्या पालाला ते घर म्हणणार का, आणि वरिष्ठांच्या परवानगीनं हंगामभर बाहेर राहता येईल का, हा प्रश्न घेऊन दोन-तीन संघांच्या प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख, सिस्टरांकडं जा. कुणी हो म्हटलं तर त्यांच्यात जा, ग्लाउरीसारखं. कुणीच म्हटलं नाही, तर नवा संघ का हवा याचं खरं कारण तुमच्या हातात येईल, आणि बिशपांना सांगायचं तेच.

जालना_पॅरिश:
मावशी, हे पटलं. एक भर घालतो. व्रतं घ्यायची पण कॉन्व्हेंटात राहायचं नाही, अशा संस्थांना रोमनं १९४७ पासून मान्यता दिलेली आहे. झगा नाही, नोकरी-व्यवसाय चालू ठेवता येतो. टोळीसोबत फिरणाऱ्यांना ही चौकट जास्त जवळची वाटते.

गेवराईची_डॉक्टर:
ही चौकट मला माहीतच नव्हती. पण तिघींना एकत्र राहायचंय, रोजची प्रार्थना एकत्र हवी. सुटं सुटं राहणं नको.

निवृत्त_नर्स_वैजापूर:
मग तसंच लिही, पहिल्याच पानावर. आणि बिशपांकडं जायच्या आधी एक हंगाम काढा. एका टोळीसोबत जा, प्रत्येक पोटुशीचं माता-बाल कार्ड तिच्याजवळच ठेवा, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं आणि रात्री गाडी कुणाची मिळते ते लिहून काढा. एकत्र खातंही आत्ताच उघडा. तिघींचे पगार त्यात जाऊ देत, खर्च तिघींच्या सहीनं. गरिबीचं व्रत झेपतं का ते तिथंच कळतं. मुकादमाशी बोलायला एकटी जाऊ नकोस, गावच्या फादरना सोबत ने.