रॉमकॉम कादंबऱ्या: ‘बायकांचं काहीतरी’ की खणखणीत विनोद?

उसंत

आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक पुस्तक ठरतं. या खेपेला मी सोफी किन्सेलाच्या ‘शॉपहोलिक’ या रॉमकॉम (म्हणजे विनोदी प्रेमकथांच्या) मालिकेतली पहिली कादंबरी सुचवली, तर गटातले एक काका म्हणाले, "ते बायकांचं आहे हो, तुम्ही आपापसात वाचा." याच काकांच्या आग्रहावरून आम्ही मागे वुडहाउस वाचला होता. त्यातही प्रेमात पडून घोळ घालणारी तरुण मंडळी आणि सरतेशेवटी जमलेली लग्नंच असतात की! पण तो थोर विनोदी लेखक आणि ही बायकांची लेखिका.

वाचली नसेल त्यांच्यासाठी: कादंबरी २००० सालची. बेकी ब्लूमवुड लंडनमध्ये बचतीवरच्या मासिकात नोकरी करते, लोकांना पैसा कसा सांभाळावा ते शिकवते आणि स्वतः गळ्यापर्यंत कर्जात आहे. मधूनमधून बँकेच्या मॅनेजरची पत्रं छापली आहेत. बेकीने कोणती थाप ठोकली ते वेगळं सांगितलेलं नाही. तिचा पाय मोडल्याबद्दल मॅनेजर अतिशय सभ्यपणे हळहळतो आणि लगेच ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे खात्यात नसताना काढलेल्या पैशांवर, येतो, त्यावरून आपण ओळखायचं. न सांगता हसवणं म्हणतात ते हे.

किन्सेला स्वतः आर्थिक पत्रकार होती. मॅडलिन विकहॅम या खऱ्या नावाने तिच्या गंभीर कादंबऱ्या आधीच आल्या होत्या. ही मात्र तिने आपल्याच प्रकाशकाकडे नाव न सांगता पाठवली. २०२५च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हापासून मी तिची पुस्तकं पुन्हा काढून बसलेय. तर बोला, असल्या पुस्तकांचं एवढं वावडं का?

मास्तर_निवृत्त

वावडं बायकांचं नाही, साच्याचं आहे. पहिल्या वीस पानांत कोण कोणाच्या गळ्यात माळ घालणार हे कळलं तर उरलेली तीनशे पानं कशासाठी वाचायची? आणि हे फक्त पुरुष बोलतात असं नाही. २००१ साली इंग्रजी कादंबरीकार बेरिल बेनब्रिज या प्रकाराला नुसता फेस म्हणाल्या आणि डोरिस लेसिंग यांनी त्यांची री ओढली. लेसिंगबाईंना पुढे २००७ साली नोबेल मिळालं. त्याआधी १८५६ मध्ये जॉर्ज एलियटने (नाव पुरुषी, पण लेखिका) बायकांनी लिहिलेल्या खुळ्या कादंबऱ्यांवर लांबलचक लेख लिहून सगळ्यांची सालटी काढली होती. तिघीही बायकाच. आपल्याकडचा फडके-खांडेकर वाद, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हाही याच्याच जवळपासचा. मी खांडेकरांच्या बाजूचा.

झिपरी

मास्तर, एलियटबाईंचा लेख मी एम.ए.ला असताना घासलाय. त्यांचा राग कोणत्या नायिकेवर आहे बघा ना! ती देखणी, गर्भश्रीमंत, धर्मशास्त्रात पारंगत, चार भाषा येणारी, तोंड उघडलं की सुभाषित. थोडक्यात, काही म्हणता काही न चुकणारी बाई.

आता हेलन फील्डिंगच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ची नायिका घ्या. ब्रिजेट पाहुण्यांना जेवायला बोलावते आणि भाज्या बांधायला निळा दोरा वापरल्यामुळे तिचं सूप निळंशार होतं. पाहुणे दारात उभे, आणि भांड्यात शाई. ही बाई एलियटने झोडपलेल्या नायिकेच्या बरोब्बर उलटी आहे. उद्या एलियट परत आली तर तिला हे सूप आवडेल असं माझं मत. (सूप म्हणजे पुस्तक. सूप नाही.)

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझा आक्षेप मास्तरांपेक्षा वेगळा आहे. ब्रिजेटच्या डायरीतली नोंद सुरू कशाने होते? आजचं वजन, किती दारू, किती सिगरेटी, किती कॅलरीज. पहिल्या नोंदीत तिचं वजन ९ स्टोन ३ पौंड आहे, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न किलो. साडेअठ्ठावन्न! आणि त्यासाठी ही बया वर्षभर स्वतःला कोसते. माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात त्यांच्या वहीत डिट्टो हेच असतं, फक्त दारू-सिगरेट वजा.

झिपरी

अहो ताई, पण तीच तर खिल्ली आहे! तिचं वजन ठीकच आहे, ती उगाच झुरतेय, हे वाचणाऱ्याला दिसतं म्हणून तर हसू येतं. हेलन फील्डिंगने हे आधी १९९५ पासून वर्तमानपत्रात सदर म्हणून लिहिलं, पुस्तक १९९६चं. नायकाचं नाव डार्सी ठेवून जेन ऑस्टिनच्या १८१३च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ला, त्यातल्या श्रीमंत नायकाला, सरळ सलाम ठोकलाय. बाई शुद्धीवर राहून लिहीत होती.

आहारवाली

लिहिणारी शुद्धीवर होती हो, वाचणाऱ्या सगळ्याच तुझ्यासारख्या एम.ए. नसतात. मला चाळिशीत खिल्ली कळली. सोळाव्या वर्षी वाचली असती तर मी दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणला असता.

रंकाळ्यावरचा

लंडनच्या पोरीचं कर्ज कशापायी, तर एका स्कार्फपायी. आमच्या गल्लीत बायका फायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता भरायला एकमेकींकडं उसनं मागत फिरत्यात. त्यांना ही बेकी वाचून दाखवली तर हसतील काय? हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे, एवढंच म्हणणं. आणि मोहोर शेवटी श्रीमंत गड्याच्याच दारात फुटतो, हे कोणी बोलत नाही.

उसंत

दादा, स्कार्फचा मुद्दा मान्य, ते दुखणं सुखवस्तू घरातलंच. पण बेकीचं नशीब फिरतं ते श्रीमंत गड्यामुळे नाही. आईवडिलांच्या शेजारच्या जोडप्याला एका विमा कंपनीने फसवलेलं असतं, त्यात तिने दिलेला सल्लाही अंगाशी आलेला असतो. मग ती कंपनीचं बिंग फोडणारा लेख लिहिते. विमा, बोनस, बारीक अक्षरातल्या अटी यांवर विनोदी कादंबरीचा कळस उभा करायचा म्हणजे गंमत नाही. आणि लंडन नको असेल तर अनुजा चौहानची २००८ची ‘द झोया फॅक्टर’ घ्या. नायिका करोल बागेतली, जाहिरात एजन्सीत राबणारी, जन्म बरोब्बर १९८३चा विश्वचषक जिंकला त्या क्षणी. म्हणून क्रिकेटची टीम तिला शुभशकुन मानून बसते. त्यात घरची माणसं आहेत, गल्ली आहे, ऑफिसातलं राजकारण आहे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आयसीयूत. ड्यूटी संपवून घरी आले की झोप लागत नाही, तेव्हा मी हीच पुस्तकं वाचते. मास्तर म्हणाले की शेवट ठाऊक असेल तर वाचायचं कशाला. मी शेवट ठाऊक आहे म्हणूनच वाचते. रात्रभर ज्यांचा शेवट कोणालाच सांगता येत नाही अशा माणसांजवळ उभी असते. नातेवाईक विचारतात, सिस्टर, बरे होतील ना? घरी येऊन मला पुन्हा तीच टांगणी नको असते. इथे दोघं भांडणार, गैरसमज होणार आणि जुळणार. जुळणार हे नक्की असलं की मधल्या भांडणात किती मजा आहे ते नीट बघता येतं. मला खांडेकरही आवडतात, सुट्टीच्या दिवशी.

मास्तर_निवृत्त

सिस्टर, तुमच्या वाचनाबद्दल माझी काही तक्रार असूच शकत नाही. पण औषध म्हणून उपयोगी आणि साहित्य म्हणून चांगलं हे दोन वेगळे निकष आहेत. त्यांची गल्लत होऊ नये एवढंच.

कोपऱ्यातली_खुर्ची

मी पुरुष, वय ५४, या कादंबऱ्या उघडपणे वाचतो. ऑफिसच्या बसमध्ये कव्हर न घालता. गुलाबी मुखपृष्ठ बघून शेजारचा सरकून बसतो, जागा ऐसपैस मिळते.

मूळ काकांसाठी एक माहिती. मिल्स अँड बून ही कंपनी १९०८ साली निघाली आणि सुरुवातीला सगळ्या प्रकारची पुस्तकं छापायची. १९१२ मध्ये तिने इंग्लंडात एका तरुण लेखकाची प्रेमकादंबरी काढली. लेखकाचं नाव पी. जी. वुडहाउस. कळवा त्यांना.

उसंत

हे आजच कळवते!! 😂

आता मला जे खरं बोलायचंय ते. आपल्या घरगुती विनोदात गोष्ट सांगतं कोण? चिं. वि. जोशींचा चिमणराव मला पाठ आहे, पण सांगणारा चिमणराव, काऊ त्यातलं पात्र. बायकोची खरेदी, बायकोचा स्वयंपाक, बायकोचं माहेर यांवर कितीतरी वर्षं पुरुषांनी विनोद केले आणि आपण हसलो. रॉमकॉममध्ये तोच माल आहे: खरेदी, बिघडलेला स्वयंपाक, आईची कटकट. फक्त सांगतेय ती स्वतः. स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडून, आणि त्याबद्दल तिला कोणी धडा शिकवत नाही. आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांतली नायिका बहुतेक वेळा सोसते, समजून घेते, फार तर एकदा ताठ उभी राहते. धांदरट असायची तिला मुभा नाही. माझ्यासारख्या धांदरट बाईने स्वतःला शोधायचं कुठे?

मास्तर_निवृत्त

मंगला गोडबोले यांना विसरलात वाटतं. पद्मजा फाटक? शकुंतला परांजपे? मराठीत बायकांनी उत्तम विनोद लिहिलाय आणि तो श्रीमंत डार्सीच्या टेकूशिवाय उभा आहे.

झिपरी

मास्तर, या मुद्द्यावर टाळ्या. पण ते बरंचसं लेख आणि कथांमध्ये, त्यातही संसारात पडल्यानंतरचं. उसंत म्हणतेय ती अख्खी कादंबरी. लग्नाआधीची मुलगी, नोकरी, भाड्याची खोली, कांदेपोह्यांचे कार्यक्रम, मुलासमोर बशी सांडलेली, आणि हे सगळं तिच्याच तोंडून, तीनशे पानं. सांगा एक नाव.

रंकाळ्यावरचा

आणि ती खोली कोल्हापुरात असली तर मी विकत घेऊन वाचीन. फक्त गडी श्रीमंत नको.

आहारवाली

आणि वजनाचा आकडा नको.

मास्तर_निवृत्त

कपाट धुंडाळतो. दोन-तीन नावं डोक्यात आहेत, पण नीट बघितल्याशिवाय लिहिणार नाही. तोवर त्या बँक मॅनेजरच्या पत्रांची पानं कोणती तेवढं सांगून ठेवा. बाकीचं पुस्तक वाचणार नाही.