जुने घरातले फोटो दुरुस्तीला कधी द्यावेत? अनुभव लिहा

मामांचा वाडा पाडायचाय, माळ्यावरच्या ट्रंकेतून फोटोंचं गाठोडं निघालं. मुंजीचे, लग्नाचे, एक भिंतीवरचा फ्रेमवाला. स्टुडिओवाला म्हणतोय सगळे एकदम रिस्टोअर करून देतो, घरातले निम्मे म्हणतात आहेत तसेच राहू देत. तुम्ही कुठला फोटो कधी दिलात आणि कशावरून ठरवलंत ते सांगा ना.

*

आम्ही रत्नागिरीजवळचे, त्यामुळे आमच्याकडे बुरशी ठरवते! पावसाळ्यात दमट हवेत फोटोवरच्या जिलेटिनच्या थरावरच ती वाढते, ओल्या फडक्याने पुसायला गेलं तर चेहराच निघून येतो. आम्ही शिमगा झाला की कोरड्या हवेत फोटो बाहेर काढतो, सावलीत ठेवतो, पूर्ण सुकले की मऊ ब्रशने अलगद झटकून लगेच स्कॅन. बुरशी दिसली तर पुढच्या वर्षावर टाकू नका.

*

फ्रेममधला फोटो काचेला चिकटलाय का ते आधी बघा. आमच्या पणजोबांच्या फोटोला रोज ताजा हार, त्याची ओल आत गेली आणि पगडीच्या जागी काचेला चिकटून ओला असल्यासारखा चकचकीत डाग पडला. एकजण ओढून काढायला निघाला होता, बाबांनी हात धरला. काचेसकट 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके, बारीकसारीक दिसेल असा) स्कॅन करून घेतला, दुरुस्ती काय ती त्या स्कॅनवरच, मूळ फोटोला कुणी हात लावलेला नाही.

*

माझं मत, रंगीत आधी. आईबाबांचा 1983 चा लग्नाचा अल्बम कपाटात अंधारातच होता तरी सगळा लालसर झालाय, आईचा हिरवा शालू ओळखू येत नाही. आजीच्या लग्नाचे ब्लॅक अँड व्हाईट त्याहून जुने, पण ठणठणीत, कारण त्यात चांदी असते, रंगीतमधले डाय मात्र उडत जातात. चिकट पानांचा अल्बम असेल तर आणखी घाई करा.

*

सांगली, 2019 चा पूर. मावशीचे अल्बम पाण्यात होते. फोटो ओले असतानाच वेगळे केले, एकमेकांवर वाळले की मग सुटत नाहीत. स्वच्छ पाण्यातून काढून तोंड वर करून सावलीत पसरले, जे त्या दिवशी जमले नाहीत ते पिशवीत घालून शेजारगावच्या फ्रीजरमध्ये. रिस्टोरेशनचा विचार फार नंतर.

*

भाच्याने एआयवाल्या ॲपमधून आजीचा फोटो साफ करून पाठवला. गालावरचे देवीचे व्रण गेले, नथ भलतीच आली, डोळे तर दुसऱ्याच कुणाचे. आई बघून म्हणाली, ही कोण? मग ओळखीच्या स्टुडिओत बसून हाताने करून घेतला, साडीवरून गेलेली घडीची चीर भरायची, चेहऱ्याला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. ज्यांनी त्या माणसाला पाहिलंय ते शेजारी बसलेले असतील तेव्हाच करा असं मला मनापासून वाटतं.

*

वरच्यांना अनुमोदन. आमची आत्या नव्वदीला आलीय. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या मुलाला आम्ही सगळे काका समजायचो, ती म्हणाली तो खालच्या बिऱ्हाडकरूंचा, काका तर मांडीवर बसलेलं बाळ! मागे मऊ पेन्सिलीने हलकं लिहून ठेवलं, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. अजून बरेच चेहरे ओळखायचे राहिलेत, ती दिवाळीत येतेय, तोवर स्टुडिओला थांबवलंय.