गुडघ्याखालचा कृत्रिम पाय : कंपनी निवडताना नेमकं बघायचं काय?

मधली_लेक

बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मधुमेह, जखम, जंतुसंसर्ग... पुढचं सांगत बसत नाही. आता जखम भरली आहे, टाकेही निघालेत आणि सर्जन म्हणाले, पायाच्या तयारीला लागा. बाबांचं वय ६४, वजन ७८ किलो, स्वभाव हट्टी. काठीचं नावही काढू देत नाहीत.

दोन कंपन्यांची माणसं भेटली. पहिल्या कंपनीच्या माणसाने टॅबवर कृत्रिम पायाने धावणाऱ्या खेळाडूची चित्रफीत दाखवली. पाऊल कार्बन फायबरचं, माप स्कॅनरने घेऊ, प्लास्टरचा राडा नाही, एका भेटीत काम होईल म्हणाला. दुसऱ्या कंपनीच्या बाईंनी पाऊल कोणतं बसवणार ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही. बराच वेळ स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, दाबून बघत होत्या, गुडघा पूर्ण सरळ होतो का ते पाहिलं, चांगल्या पायाचा तळवासुद्धा बघितला. मग म्हणाल्या, "सूज अजून उतरायची आहे. बऱ्याचदा यावं लागेल, आणि वर्षाच्या आतबाहेर सॉकेट बदलावं लागेल."

भावाचं म्हणणं, पहिली कंपनी आधुनिक आहे आणि दुसरी तर आत्तापासूनच सांगतेय की आमचा माल वर्षभर टिकणार नाही. बाबांनी ती चित्रफीत परत लावायला सांगितली होती, म्हणजे त्यांचं मत कुठे आहे ते कळलंच. मला दुसऱ्या बाई पटल्या, पण का पटल्या ते भावाला सांगता येत नाहीये. यातलं कुणाला कळत असेल तर लिहा.

साचेवाला

भावाला सांगा, माल टिकणार नाही असं त्या बाई म्हणालेल्या नाहीत. बाबांचा स्टंप आहे तसा राहणार नाही, असं म्हणाल्या. आणि ते खरं आहे.

मी कृत्रिम पाय आणि ब्रेस (शरीराला बाहेरून आधार देणारी साधनं) बनवणाऱ्या कंपनीतच आहे, वर्कशॉपमध्ये. कोणत्या ते विचारू नका, जाहिरात करायची नाहीये. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कुणी सांगत नाही, ती सांगतो. गुडघ्याखालच्या पायात ढोबळमानाने तीन गोष्टी असतात : स्टंप ज्यात बसतो ते सॉकेट, त्याखालची नळी आणि पाऊल. नळी आणि पाऊल कारखान्यातून खोक्यात येतात. १९६९ साली ऑटोबॉक या जर्मन कंपनीने पिरॅमिड अडॅप्टरचं पेटंट घेतलं. चार स्क्रू कमीजास्त आवळून पायाचा कोन बदलता येईल अशी ती जोडणी. आज जगभरातले बहुतेक सुटे भाग त्याच पद्धतीच्या जोडणीवर बसतात. म्हणजे तुम्हाला दाखवलेलं पाऊल उद्या दुसरी कंपनीही मागवू शकते. मग पाय बनवणारी कंपनी स्वतः काय बनवते? सॉकेट. तुम्हाला निवड करायची आहे ती सॉकेट बनवणाऱ्याची. चित्रफितीत ते क्षणभरसुद्धा दिसलं नसणार.

सॉकेट कसं बनतं ते थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे "एका भेटीत" हे शब्द मला का खटकले ते कळेल. आधी स्टंपवर पातळ मोजा चढवून त्यावर खुणा करतात. नडगीची धार कुठे, हाड कापलंय ते टोक कुठे, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, बोंड लागतं ते कुठे. त्या बोंडाखालून एक नस वळसा घेऊन जाते, तिथे सॉकेट टेकलं तर माणूस चालूच शकत नाही. मग प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत हातांनी आकार धरून ठेवायचा. त्या कवचात प्लास्टर ओतलं की स्टंपची प्रतिकृती मिळते.

खरं काम इथून पुढे आहे. प्रतिकृती जशीच्या तशी वापरली तर सॉकेट सगळीकडे सारखं टेकेल, आणि हाडाला ते सोसत नाही. म्हणून भार जिथे घ्यायचा, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध, नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू, पोटरीचं मांस, तिथे कानशीने प्लास्टर काढायचं. हाडाला मोकळीक हवी तिथे भर घालायची. साच्यावर जे कमी केलं तो सॉकेटमध्ये दाब, जे वाढवलं ती मोकळी जागा. सगळा खेळ काही मिलिमीटरचा. वाटीखालच्या स्नायुबंधावर भार घेण्याची ही पद्धत १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला, पक्की झाली. आता सिलिकॉनच्या लायनरमुळे (सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर) भार स्टंपभर वाटून देता येतो, त्यामुळे कोरीवकाम कमी लागतं. पण लागतंच.

स्कॅनरला माझा विरोध नाही, आमच्याकडेही आहे. राडा खरंच कमी होतो आणि जुनं माप जपून राहतं. पण स्कॅनरला फक्त आकार कळतो. मांस कुठे मऊ आहे, कातडीखाली हाड कुठे टोचतंय, जखमेचा व्रण कुठे चिकटलाय हे बोटांनाच कळतं. त्या बाई स्टंप दाबत होत्या ते यासाठी. शिवाय कानशीचं काम संगणकावर करावंच लागतं. तेव्हा त्या पहिल्या माणसाला एवढंच विचारा : स्कॅन झाल्यावर आकार कोण दुरुस्त करतं, आणि त्या व्यक्तीने बाबांचा पाय हातात घेऊन पाहिलेला असेल का?

दुसरं विचारा, पारदर्शक चाचणी सॉकेट करणार का? पक्कं सॉकेट ओतण्याआधी पारदर्शक प्लास्टिकचं एक करून माणसाला त्यात उभं करतात. दाब जास्त तिथे कातडी पांढरी पडलेली बाहेरून दिसते. मग ते तिथे तापवून ढकलायचं, परत उभं करायचं. पुढे काही पावलं चालवून स्क्रू फिरवत कोन जुळवायचा. हे सगळं एका भेटीत बसवणारा एकतर जादूगार असेल नाहीतर घाईत.

आता वर्षाच्या आत सॉकेट का बदलावं लागतं. ऑपरेशननंतरची सूज उतरते आणि जे स्नायू आता वापरात नाहीत ते बारीक होतात. सगळ्यात जास्त फरक पहिल्या वर्ष-दीड वर्षात. आज फिट्ट बसलेलं सॉकेट काही महिन्यांत सैल होणारच. स्टंप आत खोल जातो, टोक तळाला आदळायला लागतं, हाडाच्या मोकळिकीच्या जागा वरखाली सरकतात. हे आधीच सांगणारी कंपनी प्रामाणिक. पुढचं सॉकेट, मधल्या दुरुस्त्या याचा हिशेब आजच लेखी मागून घ्या.

पावलाबद्दल थोडक्यात. चित्रफितीतलं ते पातं खरंच थोर आहे, त्यात वाद नाही. व्हॅन फिलिप्स नावाच्या अमेरिकन तरुणाचा पाय १९७६ साली वॉटर-स्कीइंगच्या अपघातात गेला. मिळालेल्या पायावर तो इतका वैतागला की स्वतःच शिकून १९८४ साली त्याने फ्लेक्स-फूट कंपनी काढली. पुढे २००० साली आइसलँडच्या ओसुरने ती घेतली. पण धावायच्या पात्याला टाच नसते. बाबांना मिळेल ते त्याच कल्पनेवरचं चालण्याचं पाऊल. त्यातली स्प्रिंग वजन आणि चालण्याचा जोर बघून निवडतात. हळू चालणाऱ्याला कडक स्प्रिंग दिली तर ती वाकतच नाही. पैसे स्प्रिंगचे आणि पाऊल लाकडाचं, असा प्रकार.

अजून एक. पायाच्या भागांची ताकद आयएसओ १०३२८ या मानकाप्रमाणे तपासतात, त्यात नमुन्यावर तीस लाख वेळा भार देऊन काढतात. त्यात ८० किलोची श्रेणी आहे, १०० ची आहे. बाबा ७८ आहेत, हातात पिशवी धरली की ८० च्या वर. वरची श्रेणी मागा.

डावा_रजेवर

साचेवाल्यांशी सहमत. मी अपघातानंतर बरीच वर्षं असाच पाय वापरतो आहे, मधुमेह नाही. वापरणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

स्टंप रोजही बदलतो. सकाळी भरलेला असतो, संध्याकाळपर्यंत उतरतो. म्हणून वेगवेगळ्या जाडीचे मोजे मिळतात, दिवसभरात त्यांची भर घालत जायची. बाबांना हे लवकर शिकवा आणि पिशवीत जादा मोजा ठेवायची सवय लावा. एकावर एक मोजे चढवूनही पाय हलायला लागला तर सॉकेटची वेळ झाली. मोज्यांवर रेटत राहू नका.

दुसरं, कंपनीचं वर्कशॉप कुठे आहे ते विचारा. काही ठिकाणी समोर फक्त माप घेतात आणि काम दुसरीकडे पाठवतात. सॉकेटची कड मांडीला लागत असेल तर ती घासायला दहा मिनिटं पुरतात, पण यंत्र त्याच इमारतीत असेल तर. नसेल तर तुमचा पाय पार्सलने प्रवास करतो आणि तुम्ही कुबड्यांवर. मी पाऊल बदललंय, लायनर बदललेत, पण माप घेणारा माणूस बदललेला नाही.

खडीचढण

पाऊल म्हणजे काहीच नाही असा सूर लागतोय, तो जरा आवरा. मी आधी सॅच पाऊल वापरायचो, टाच मऊ आणि घोटा पक्का असं साधं. कार्बनचं घेतल्यावर उताराची भीती गेली, कंबर दुखायची तीही कमी झाली. सपाट फरशीवर फारसा फरक नाही, पण खडबडीत जागी जमीन-अस्मानाचा आहे. हट्टी माणसाला चांगलं पाऊल मिळालं तर तो त्याचं सोनं करेल. वय बघून आधीच कात्री लावू नका.

साचेवाला

@खडीचढण, मान्य, आणि वयाबद्दल तर शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सॅचवर चालून चालून मग कार्बन घेतलंत. तेव्हा तुम्हाला आणि तुमच्या प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाला) दोघांनाही ठाऊक होतं की तुम्ही किती आणि कसे चालता. बाबांचं ते कुणालाच अजून माहीत नाही. पाऊल नंतर चार स्क्रू सोडून बदलता येतं, बिघडलेलं सॉकेट बदलता येत नाही, नवीनच करावं लागतं. पैसे मोजके असतील तर आधी सॉकेट, लायनर आणि फिजिओ. पाऊल दुसऱ्या सॉकेटच्या वेळी वाढवा.

कण्याची_कथा

थोडं अवांतर. अशाच कंपनीतून मुलीसाठी पाठीच्या कण्याचा ब्रेस केला, स्कोलिओसिससाठी, म्हणजे कणा बाजूला वाकतो त्यासाठी. तिथेही हाच अनुभव, मॉडेलच्या नावाची चर्चा फार आणि फिटिंगची कमी. २०१३ साली एका मोठ्या अमेरिकन-कॅनेडियन चाचणीचे निष्कर्ष आले. ब्रेस वापरणाऱ्यांत ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या पातळीपर्यंत गेला नाही, नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत ४८ टक्के. आणि जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त. पण काखेत टोचणारा ब्रेस तेरा-चौदा वर्षांची मुलगी तास मोजून घालेल का? आमच्याकडे कडा कापून घेतल्यावर भांडणं थांबली. ब्रेस तोच.

मधली_लेक

सगळ्यांचे आभार. पूर्ण धागा भावाला वाचायला दिला. तो सध्या "पण स्कॅनर असलेला बरा ना" इथपर्यंत आलाय. दोन्ही कंपन्यांना चाचणी सॉकेट आणि वर्कशॉपबद्दल विचारलं. दुसऱ्या कंपनीचं वर्कशॉप मागच्याच खोलीत आहे, पहिल्याकडून "कळवतो" असं उत्तर आलंय.

दोन शंका. बाबांना घरात अनवाणी आणि बाहेर बूट घालून, दोन्ही चालेल का? आणि पाय मिळेपर्यंत आम्ही काय करायचं? सध्या स्टंपला क्रेप बँडेज बांधतो आणि बाबा दिवसभर गुडघ्याखाली उशी घेऊन बसतात, त्याने आराम पडतो.

साचेवाला

आधी उशी. ती आजच काढा. गुडघा वाकलेला राहिला की मागचे स्नायू आखडतात, मग तो पूर्ण सरळ होत नाही आणि कितीही चांगला पाय केला तरी चाल लंगडीच राहते. त्या बाईंनी गुडघा सरळ होतो का पाहिलं ते याचसाठी. बसताना स्टंप फळीवर सरळ ठेवा, आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा.

क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं तिरकं बांधा, टोकाकडे घट्ट आणि वर सैल. सरळ गोल वेढे दिले की मध्ये करकोचा पडतो आणि टोक फुगतं. श्रिंकर मोजा (सूज दाबून ठेवणारा घट्ट मोजा) मिळतो तो सोपा, बाईंना विचारा. मधुमेहामुळे स्टंपला संवेदना कमी असू शकते, म्हणजे टोचलेलं त्यांना कळणारच नाही. पाय मिळाल्यावर सुरुवातीला थोडा वेळ घालून काढायचा आणि कातडी बघायची, मागची बाजू आरशात. पाय काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत लाली गेली नाही तर त्या दिवशी परत घालायचा नाही, फोन करायचा. चांगल्या पायाचा तळवाही रोज बघा, आता त्याच्यावर दुप्पट काम आहे.

बुटाचं : पाय जुळवताना टाचेची जी उंची धरली असेल तीच कायम लागते. बुटावर जुळवलेला पाय अनवाणी वापरला तर टाच खाली जाते, नळी मागे झुकते आणि गुडघा मागे रेटला जातो. उंच टाचेचा बूट घातला तर उलट, गुडघा पुढे ढकलला जातो. घरात त्याच उंचीची टाच असलेलं काहीतरी पायात असू द्या. टाचेची उंची बटणाने बदलता येणारी पावलंही असतात, पण ती पुढची गोष्ट. माप द्यायला जाताना बाबा रोज घालणार आहेत तोच बूट न्या, नवा कोरा नको.