मदत हवी आहे: ईस्टरला तीन-चार वर्षांच्या मुलांकडून काय करून घेता येईल?
नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे. ईस्टरच्या रविवारी मिस्सा झाली की शेजारची लहान मुलं आमच्याकडे जमतात. अंडी रंगवायची ठरलंय. कांद्याच्या सालींच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पांढरी अंडी उकडली की सुरेख तांबूस होतात, हळदीत पिवळी. अंड्यावर कोथिंबिरीचं पान ठेवून जुन्या नायलॉनच्या मोज्यात घट्ट बांधलं तर पानाचा ठसाही उमटतो, मला तर तोच सगळ्यात आवडतो! पण उकळत्या पाण्याचं काम मोठ्यांचं. मुलांच्या हातात काय द्यायचं? शिवाय एकाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याला वेगळं बसवायचं नाही. कात्री न लागणारं, कागदाचं, कापसाचं किंवा बटाट्याच्या ठशांचं काही सुचवाल का? चमकी मात्र नको, ती तोंडात जाते.