काळ्या ग्रॅनाइटवर डायमंड ब्लेड चालेना, सेगमेंट (पात्याच्या कडेचा कापणारा तुकडा) मात्र शिल्लक आहे. काय करू?

कराडचा फरशीवाला: नमस्कार मंडळी. ओट्यांची, पायऱ्यांची कामं करतो. महिन्यापूर्वी मार्बल कटरसाठी चार इंची डायमंड ब्लेड घेतलं. दुकानदार म्हणाला, काँक्रीट कापतं तर ग्रॅनाइट का नाही कापणार. काळ्या ग्रॅनाइटचे दोन ओटे झकास निघाले. तिसऱ्याला सिंकची जागा कापताना नुसतं घसरायला लागलं. जोर दिला की ठिणग्या, आणि पात्यावर निळसर झाक आलीय. सेगमेंट निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. माल डुप्लिकेट निघाला का? दुसरं कोणतं घेऊ?

दगडातला माणूस: दादा, माल खोटा नसेल. ब्लेड झिजत नाहीये, म्हणून कापत नाहीये.

सेगमेंट म्हणजे कोबाल्ट, लोखंड, ब्राँझ असल्या धातूंच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे कण मिसळून, दाबून भाजलेला तुकडा. त्यातल्या धातूला बाँड म्हणतात. कापता कापता वरचे कण बोथट होतात, फुटतात, गळून पडतात. दगडाची रबडी बाँड खात जाते आणि खालचे नवे कण उघडे पडतात. काँक्रीटमधली वाळू बाँड भराभर खाते, म्हणून त्या ब्लेडचा बाँड टणक ठेवतात. तुमचा काळा ग्रॅनाइट हा नावाचाच ग्रॅनाइट, बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो. दगड कठीण, पण त्यात गारगोटी जवळपास नाहीच. बाँड तसाच राहतो आणि वरचे हिरे घासून सपाट होतात.

प्लग काढून सेगमेंटवर नख फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर हेच झालंय. चालू ब्लेड खरखरीत लागतं. भिंगातून बघा, प्रत्येक कणामागे धातूची बारीक शेपटी दिसते, धूमकेतूसारखी. कणाच्या आडोशाला तेवढा धातू वाचलेला असतो आणि तोच कणाला मागून टेकू देतो. म्हणून ब्लेड काढून परत लावताना बाण बघत जा. उलटं लावलं की टेकू जातो, चांगले कणही उपटून येतात.

उपाय सोपा आहे. वाळू-सिमेंटचा भरीव ब्लॉक पक्का आवळा आणि त्यात सेंटिमीटरभर खोल पाच-सहा चिरा मारा, नवे कण उघडतील. पुढच्या वेळी कठीण ग्रॅनाइटचं, मऊ बाँडचं ब्लेड मागा. ते लवकर संपतं, पण संपेपर्यंत कापतं.

नगरकर: निळ्या झाकेकडे दुर्लक्ष करू नका. पातं तापलं की त्याचा ताण जातो आणि ते डुलायला लागतं. आधी सरळ पट्टी लावून बघा. पाणी चालू ठेवा, जोर देऊ नका, मशिनला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या. कोरडं कापून उडणारी धूळ फुप्फुसात बसते, गारगोटीच्या दगडांची तर फार वाईट.

आणि सेगमेंटचं बूडही तपासा. मी एकदा नुकत्याच ओतलेल्या काँक्रीटमध्ये साधंच ब्लेड चालवलं. सेगमेंट शाबूत, पण वाळूच्या रबडीनं त्याच्या बुडाचं पोलाद पार पातळ केलं होतं. चालू मशिनवर सेगमेंट सुटला आणि समोरच्या भिंतीच्या गिलाव्यात रुतला. माझा पोरगा त्या भिंतीपासून दोन हातांवर उभा होता. तेव्हापासून रोज सकाळी बूड बघितल्याशिवाय मशिन सुरू करत नाही.

कराडचा फरशीवाला: नगरकर, तुमचं वाचायच्या आधीच ब्लॉकवर चालवलं. पहिल्या दोन चिरा जड गेल्या, तिसरीला आवाजच बदलला. आता नखाला खरखर लागतेय. पण पट्टी लावली तर मधे उजेड दिसतोय, पोस्टकार्ड आत जाईल एवढा.

दगडातला माणूस: मग ते परत मशिनला लावू नका. चार इंची कटर मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे मारतो, वाकलेलं पातं त्यावर नको. सेगमेंट कितीही राहिलेला असो.

कराडचा फरशीवाला: काढलं. कोणी उचलून वापरू नये म्हणून वाकवून भंगारात टाकलंय. उद्या मऊ बाँडचं आणतो, सिंक कापून झालं की कसं चाललं ते इथेच सांगतो.