प्रति: सुटे धागे: किती जुळवायचे?
‘खेळाडूंनी विचारलं तेवढेच धागे उचला, बाकीचे सोडून द्या’ हा वरच्या पोस्टमधला सल्ला (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथा-खेळ चालवणाऱ्यानं कथेतल्या सुट्या धाग्यांचं काय करावं याबद्दलचा) पटतो, पण अर्धाच. काही ठिकाणी मॉड्यूलच (म्हणजे तयार छापील साहसकथा) एक नाव हातात ठेवतं आणि स्वतः मोकळं होतं. ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ (२०१४) घ्या. (अजून खेळायचं असेल तर पुढचं वाचू नका.) बोजेंटल या जादूगाराचं मंत्रांचं पुस्तक कुठंय, हे विचारायला सिस्टर गॅरेल ही कथेतली पुजारीण पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) अगाथा या बॅन्शीकडे, म्हणजे एका स्त्रीच्या भुताकडे, पाठवते. उत्तर मिळतं: शंभरावर वर्षांपूर्वी इरिएबोर शहरातल्या त्सरनोथ नावाच्या नेक्रोमान्सरला (मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराला) दिलं. संपलं! हा त्सरनोथ पुढे कुठेच भेटत नाही.

मी त्याच्यासाठी नवं काही रचलं नाही. त्याच मॉड्यूलमध्ये ओल्ड आउल वेल या पडक्या जागेपाशी हामुन कोस्ट झाँबी घेऊन बसलेलाच असतो, आणि तोही नेक्रोमान्सरच. पुस्तक सरळ त्याच्या तंबूत ठेवलं, पहिल्या पानावर त्सरनोथची सही. कोस्टला तिथला बुरूज बांधणाऱ्या जादूगाराचं नाव अगाथाकडून हवं असतं, म्हणजे सौदा तयारच. गंमत अशी की अगाथा एकाच प्रश्नाचं उत्तर देते आणि आमच्या पार्टीचा तो वापरून झाला होता. त्यांनी बिनधास्त एक खोटं नाव ठोकून दिलं नि पुस्तक घेऊन सटकले. कोस्ट आता त्यांच्या मागावर आहे.