अनुभव हवेत : जुनी मारुती चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते

रस्त्यात बंद पडणारी गाडी गॅरेजात नेली की तासभर छान चालते. मग अंदाजाने प्लग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), फिल्टर बदलत जायचं. असा दोष ज्यांनी नेमका पकडला आहे त्यांनी लिहा, कशावरून कळलं तेही सांगा. कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग) की एमपीएफआय (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन), हे आधी.

———

कार्ब्युरेटरवाली ८००. बंद पडल्यावर स्टार्टर मारत बसू नका. गाडी मेलेली असते तीच पाच मिनिटं पुराव्याची. एअर फिल्टरचं झाकण काढा, चोकची पाकळी उघडी धरा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल आहे, करंट (प्लगची ठिणगी) तपासा. धार नसेल तर पेट्रोलच पोचत नाही.

करंट बघण्याआधी झाकण परत बसवा. जादा प्लग वायरीला लावून त्याची बॉडी जंपर केबलने इंजिनाला जोडा (हातात धरायचा नाही) आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. कडक निळी ठिणगी हवी. ती नसेल किंवा पिवळट, तुटक असेल तर कॉइलवर ओला फडका टाका. कॉइल गार झाल्यावर ठिणगी परत आली तर दोष बहुधा तिथेच. पॉइंटवाल्या गाडीत (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क म्हणजे पॉइंट) त्यांची गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा आणि पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही बदलून बघा, तोही गरम झाल्यावर दगा देतो. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका. पॉइंट जुळलेले असले तर कॉइल फुकट तापते.

———

धार नाही, तर सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर हवा आत घेणारं भोक बुजलंय.

दुसरं कारण फार वेळा सुटतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, कारण तिथे पंप ओढतो. चिरेतून हवा आत जाते. जमीन कोरडी म्हणून पाइप चांगला असं धरू नका. तो वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या रबराकडे जास्तच लक्ष हवं.

तिसरं, टाकीतला गंज. वेगात सलग चालवताना तो टाकीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पाइपच्या जाळीवर जमतो, गाडी थांबली की खाली बसतो, म्हणून दहा मिनिटांनी सगळं ठीक. नवा फिल्टर थोड्याच दिवसांत तांबूस झाला तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली की सगळे 'पेट्रोलची वाफ झाली' म्हणतात. होतेही, पण हे तीन बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

———

फक्त सिग्नलला बंद पडत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवल्यावर चालत असेल, तर कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडची (आयडलचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) वायर हलवून बघा. चावी ऑन केल्यावर 'टिक' यायला हवं.

———

एमपीएफआय झेन, एस्टीम. १२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब घ्या. एक कॉइलच्या पॉझिटिव्हवर, दुसरा पेट्रोल पंपाच्या पॉझिटिव्हवर. दुसरी टोकं अर्थला. वायरी फ्यूज लावून डॅशबोर्डपर्यंत आणा आणि गाडी बंद पडेपर्यंत तशीच चालवा. दोन्ही एकदम विझले तर चावीचा स्विच, मेन रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा अर्थिंग. फक्त पंपाचा विझला तर लगेच रिले बदलू नका! इंजिन फिरत असल्याचा सिग्नल तुटला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच पंप बंद करतो. म्हणजे तो सिग्नल देणारा क्रँक किंवा कॅम सेन्सरही असू शकतो. हे सेन्सर गार असताना मीटरवर ठीक दिसतात, म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच रेझिस्टन्स मोजा.

आणि उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक पंप करू नका. सर्वोमधला (ब्रेकला जोर देणारा भाग) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, म्हणून एकदाच दाबून धरा. गाडी थांबेपर्यंत चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल.

———

पावसाळ्यातच होत असेल तर अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपवर आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. जिथे निळी ठिणगी पळताना दिसेल तिथेच चीर.